न ऐकलेल्या शब्दांचं स्पेलिंग

'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.' हा ठेका कानावरून गेला नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. आधी अक्षरांची नावं, मग इंग्रजी शब्द, मग मराठी अर्थ, सगळा वर्ग एका सुरात. मुलांना तो आवडतोही. अडचण एवढीच की सी, ए आणि टी एकामागोमाग म्हटलं तर 'सीएटी' होतं, 'कॅट' होत नाही. 'सी' या नावात 'क' नाही, 'ए' या नावात 'ॲ' नाही. 'एच'मध्ये 'ह' शोधून सापडत नाही आणि 'डब्ल्यू'मध्ये 'व'.

मराठी शाळेतलं मूल इंग्रजीच्या तासाला बसतं ते देवनागरीचा अनुभव घेऊन. तिथे अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज एकच. 'क'ला क म्हणतात आणि तो क असाच वाजतो. बाराखडी हाताशी आली की कधी न पाहिलेला शब्दही मूल धडाधड वाचून दाखवतं, अर्थ कळो न कळो. अक्षरावर त्याचा विश्वास बसलेला असतो. इंग्रजीत तो पहिल्या काही आठवड्यांतच उडतो. बी-यू-टी बट, मग पी-यू-टी पुट का? सर म्हणतात, 'असंच असतं, पाठ कर.'

'असंच असतं' हे उत्तर खरं नाही, आणि 'पाठ कर' हा उपाय चालत नाही. इंग्रजी स्पेलिंग अवघड आहे याबद्दल वादच नाही. पण आपल्या मुलांना ते जेवढं अवघड जातं तेवढं ते मुळात नाही. वरचा अवघडपणा आपण घातलेला आहे. जो शब्द मुलाने कधी ऐकला नाही, कधी तोंडातून काढला नाही, तो त्याला लिहायला लावतो आणि चुकला की गुण कापतो.

आधी मूळचा अवघडपणा बघू, कारण तो खोटा नाही. २००३ साली युरोपातल्या तेरा भाषांमधल्या पहिलीच्या मुलांच्या वाचनाची तुलना प्रसिद्ध झाली. शाळेचं पहिलं वर्ष संपताना बहुतेक भाषांतली मुलं ओळखीचे साधे शब्द ९० टक्क्यांहून अधिक बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं ३४ टक्के. दुसरं वर्ष संपलं तेव्हा ती ७६ टक्क्यांपर्यंत पोचली. ही मुलं मंद नव्हती आणि त्यांचे शिक्षकही कामचुकार नव्हते. बरं, इंग्रजी ही त्यांची घरची भाषा. शब्द कानाला माहीत, तोंडात बसलेले. तरीही एवढा वेळ लागला. मग ज्याच्या घरात इंग्रजी वाक्य कधी बोललं जात नाही त्या परभणीच्या किंवा पेडण्याच्या मुलाकडून आपण दर शनिवारी दहापैकी दहाची अपेक्षा कशाच्या जोरावर करतो?

अवघडपणाचं मूळ सव्वीस अक्षरांत आहे. रोमन लिपी लॅटिनसाठी घडली. ती इंग्रजीच्या अंगावर चढवली गेली, आणि इंग्रजीत आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. त्यातही स्वर वीसेक, आणि ते लिहायला अक्षरं पाच. आपल्याकडे अ, आ, इ, ई अशी रांग आहे; तिथे एका 'ए'ला कॅट, केक, कार, बॉल या सगळ्यांकडे जावं लागतं. पण तुटवडा हे निम्मंच कारण झालं. उरलेलं निम्मं काळाचं आहे.

'बट' आणि 'पुट' घेऊ, कारण आपल्याकडे इंग्रजीची टिंगल करायची तर हीच जोडी पुढे येते. सोळाव्या शतकात हे दोन्ही शब्द एकाच स्वराने बोलले जात, बुट आणि पुट. स्पेलिंग ठरलं तेव्हा त्यात विसंगती काहीच नव्हती. पुढे सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा 'उ' सैल होऊन 'अ'कडे सरकला आणि कट, सन, लव्ह, बट तयार झाले. काही शब्दांत मात्र, विशेषतः प, ब, फ या ओठांवरच्या आवाजांनंतर, जुना 'उ' टिकला: पुट, पुश, पुल, बुल, फुल. सगळीकडे टिकला असं नाही, 'पन' आणि 'बस'मध्ये नाही टिकला. पण उत्तर इंग्लंडमध्ये आजही पुष्कळ लोक 'बट' आणि 'पुट' एकाच स्वराने म्हणतात. तिथल्या माणसाला आपला हा विनोद कळणारच नाही.

असंच 'नेम', 'टाइम', 'हाउस' यांचं. एके काळी इंग्रजीतली स्वराक्षरं जवळजवळ आपल्या आ, ए, ई, ओ, ऊ सारखीच वाजत. एन-ए-एम-ई हा शब्द 'नाम'च्या अगदी जवळ होता, शेवटचा ईसुद्धा हलकासा उच्चारला जाई. 'टाइम' हा 'टीम'सारखा, 'हाउस' हा 'हूस'सारखा. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून हलले. दुर्दैव असं की नेमकं याच काळात छापखाना आला. विल्यम कॅक्सटनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला आपला छापखाना मांडला आणि पुढच्या दीडदोनशे वर्षांत छापणाऱ्यांच्या हातून स्पेलिंग घट्ट होत गेलं. बोली पुढे चालत राहिली, अक्षरं तिथेच थांबली. 'नाइट' या सरदाराच्या नावातला 'के' आणि 'जी-एच' दोन्ही पूर्वी बोलले जात, 'क्निख्त' असं काहीतरी. ती अक्षरं आज मुकी दिसतात, पण कुणी वात्रटपणाने घातलेली नाहीत.

वात्रटपणा अजिबात झाला नाही असंही नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, 'बी'शिवाय. पुढे पंडितांना लॅटिनमधला 'देबितुम' आठवला आणि त्यांनी मधे बी बसवला. 'डाउट'चंही तेच. 'आयलंड'मध्ये तर एस घातला तो चुकीच्या समजुतीने. त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा लॅटिन 'इन्सुला'शी संबंधच नव्हता. 'कुड'मधला एल हा 'शुड' आणि 'वुड' यांच्या संगतीने आला. विद्वत्ता मिरवायची हौस आपल्याकडेही होती आणि आहे, त्यामुळे यावर फार हसू नये.

आता पहिलीच्या वहीकडे या. इंग्रजीच्या पहिल्याच धड्यांत काय असतं? वन, टू, थ्री. आणि भाषेतले सगळ्यात आडमुठे शब्द नेमके इथेच बसलेले. ओ-एन-ई याला 'वन' का म्हणायचं? कारण सुरुवातीचा 'व' पश्चिमेकडच्या बोलीतून उच्चारात शिरला, स्पेलिंग जुनंच राहिलं. त्याच कुळातले 'ओन्ली' आणि 'अलोन' अजून जुना आवाज धरून आहेत. 'टू'मधला डब्ल्यू पूर्वी बोलला जायचा. ट्विन, ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी या भावंडांत तो आजही ऐकू येतो. 'एट'मधला जी-एच म्हणजे मघाच्या 'क्निख्त'मधला 'ख'. वॉज, सेड, डझ, हॅव, हू, आर हे शब्दही याच जातीचे. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरले जाणारे शब्द हे सगळ्यात जुने, आणि म्हणून सगळ्यात बेशिस्त. नियमात बसणारे हजारो शब्द पुढे पाचवी-सातवीत भेटतात. तोवर मुलाने ठरवलेलं असतं की या भाषेला नियम नाहीत.

नियम आहेत. १९६६ साली अमेरिकेत संगणकाला आवाज आणि अक्षरांचे नियम शिकवून सतरा हजारांहून अधिक शब्दांची स्पेलिंगं काढायला लावली होती, तर निम्मे शब्द तंतोतंत बरोबर आले. संगणकाला शब्दांचे अर्थ माहीत नव्हते, कुळं माहीत नव्हती, तरी निम्मे. बर्नार्ड शॉच्या नावावर खपवला जाणारा एक विनोद आहे: जी-एच-ओ-टी-आय हा शब्द 'फिश' असा वाचावा, 'इनफ'मधला जी-एच, 'विमेन'मधला ओ, 'नेशन'मधला टी-आय. विनोद शॉच्या जन्माच्याही आधीचा आहे, आणि त्यातून जे सिद्ध करायचं असतं त्याच्या उलट सिद्ध होतं. इंग्रजी वाचता येणारा कुणीही तो शब्द 'फिश' वाचणार नाही. शब्दाच्या सुरुवातीचा जी-एच कधीच 'फ' होत नाही. शेवटचा टी-आय कधीच 'श' होत नाही. अक्षराचा आवाज त्याच्या जागेवरून आणि शेजाऱ्यावरून ठरतो, आणि हे वाचणाऱ्याला नकळत माहीत असतं.

ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. झ तोच लिहिलाय, पण जीभ दोनदा वेगवेगळ्या जागी गेली. 'चमचा' आणि 'चमचे' यांचंही तेच. पुढे इ किंवा ए आला की च, ज, झ बदलतात. इंग्रजीत 'इलेक्ट्रिक'चा सी 'इलेक्ट्रिसिटी'त जाऊन 'स' होतो तो याच कारणाने, पुढे आय आला म्हणून. 'संत', 'अंबा', 'गंगा', 'संवाद', 'संशय' यांत एकच टिंब पाच तऱ्हांनी वाजतं. 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो. ष आणि श यांच्यात बोलताना आपल्यापैकी किती जण फरक करतात? मराठी जशी बोलतो तशी लिहितो, हा अभिमानाने सांगायचा समज आहे, वस्तुस्थिती नाही. 'कवी' दीर्घ आणि 'कविता' ऱ्हस्व हे कानाला कळत नाही, शिकवावं लागतं. मराठी वाचायला सोपी आहे हे मात्र शंभर टक्के खरं.

या जागेच्या नियमांहून महत्त्वाची गोष्ट इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहे, आणि वर्गात तिचा उल्लेखही होत नाही. हे स्पेलिंग आवाजाइतकंच अर्थही सांभाळतं. 'साइन'मधला जी मुका, पण 'सिग्नेचर'मध्ये बोलतो. 'ऑटम'चा शेवटचा एन 'ऑटम्नल'मध्ये, 'मसल'चा सी 'मस्क्युलर'मध्ये. 'हील' आणि 'हेल्थ' उच्चारात दूर गेले, लिहिण्यात शेजारी राहिले. भूतकाळाचा ई-डी बघा: 'वॉक्ट'मध्ये ट, 'कॉल्ड'मध्ये ड, 'वॉन्टेड'मध्ये इड. तीन आवाज, एक स्पेलिंग, कारण काम एक. आवाजाप्रमाणे लिहिलं असतं तर मुलाला तीन वेगळे प्रत्यय शिकावे लागले असते. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी १९६८ साली इंग्रजी लेखनपद्धती जवळजवळ आदर्श आहे असं लिहिलं, ते मला अतिशयोक्त वाटतं. पहिलीतल्या मुलाला 'सिग्नेचर' माहीत नसतं, तेव्हा 'साइन'मधला जी त्याच्यासाठी मुकाच. पण सातवीत तो बोलका करून दाखवता येतो, आणि ते आपण करत नाही.

मग स्पेलिंगच सुधारून टाकावं, असं दर पिढीत कुणाला तरी वाटतं. कोशकार नोआ वेब्स्टरने अमेरिकेत 'कलर'मधला यू काढला, 'सेंटर'चा शेवट उलटा केला, तेवढं रुजलं. 'टंग' हा टी-यू-एन-जी असा लिहा, हे लोकांनी ऐकलं नाही. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे सोपी स्पेलिंगं सरकारी छापखान्यावर लादायचा प्रयत्न केला आणि संसदेच्या विरोधापुढे माघार घेतली. शॉने मृत्युपत्रात नव्या वर्णमालेसाठी पैसे ठेवले, ती तयारही झाली, वापरतं कोण? इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात मुलांसाठी चाळिसावर अक्षरांची खास लिपी शाळांतून चालवून पाहिली. मुलं तीत लवकर वाचायला लागली, पण नंतर नेहमीच्या लिपीत परत यायचं होतंच. सुधारणेपुढचा खरा प्रश्न वेगळाच आहे: कुणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायचं? 'कार'मधला र लंडनचा माणूस गिळतो, ग्लासगोचा उच्चारतो, आपण तर ठणकावून उच्चारतो. उद्या मराठी उच्चाराबरहुकूम लिहायची ठरली तर वऱ्हाडी की मालवणी की पुणेरी, यावरून काय होईल ते सांगायला नको. तेव्हा हा मार्ग बंद आहे असंच धरून चालावं. स्पेलिंग आहे तेच राहणार; बदलायचं असेल तर शिकवणं.

आणि इथे आपली खरी गफलत आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. हेतू चांगला होता, शिक्षणापासून लांब राहिलेल्यांच्या मुलांना ती भाषा लवकर मिळावी. पण लहान वयात भाषा मिळते ती कानाने. पाठ्यपुस्तकात गाणी, खेळ, कृती असतात, त्या बहुतेकदा उरकल्या जातात, आणि वर्ग फळ्यावरच्या स्पेलिंगवर येतो. कारण उघड आहे. गाणं वहीत दिसत नाही. स्पेलिंग दिसतं, तपासता येतं, त्यावर लाल शाईने खूण करता येते. पालकही वहीच बघतात. गावातल्या नव्या इंग्रजी शाळेत तर फी कशाची घेतली याचा पुरावा वहीतच असतो.

जिथे इंग्रजी घरची भाषा आहे तिथे वाचायला शिकणं कसं चालतं ते लक्षात घेतलं पाहिजे. इंग्लंडमध्ये आता अक्षरांची नावं मागे ठेवून आवाजांनी शिकवतात. तिथल्या सहा वर्षांच्या मुलाची २०१२पासून एक छोटी चाचणी होते, चाळीस शब्दांची, त्यातले वीस शब्द चक्क बनावट, अर्थहीन. अक्षरांवरून आवाज काढता येतो का एवढंच बघायला. या मुलाने डब्ल्यू-ए-एस आवाज जोडून वाचलं तर 'वॅस' असं काहीतरी होतं. पण हा शब्द त्याने दिवसातून शंभरदा ऐकलेला असतो. 'वॅस? अच्छा, वॉज!' अशी दुरुस्ती त्याचा कान आपोआप करतो. आवाज जवळपास पोचवतात, उरलेलं अंतर कान तोडतो. इंग्रजीसारख्या अर्धवट नियमांच्या भाषेत वाचन जमतं ते या दोघांच्या भागीदारीवर. आपल्या मुलाकडे हा दुसरा भागीदारच नाही. ते 'वॅस'पाशी थांबतं, आणि सर सांगतात म्हणून 'वॉज' पाठ करतं. शब्द, त्याचा अर्थ, त्याचा उच्चार आणि त्याचं स्पेलिंग या चारही अनोळखी गोष्टी एकाच वेळी त्याच्या डोक्यावर येतात. म्हणूनच शहरांतले महागडे फोनिक्सचे, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणारे, क्लासही एकटे पुरे पडत नाहीत. आवाज जोडून जो शब्द तयार होतो तो आधी कानात असावा लागतो.

मराठी मुलाच्या कानात इंग्रजी शब्द मुळीच नाहीत असं मात्र समजू नये. भरपूर आहेत, आपण त्यांच्याकडे बघत नाही. भिंतीवरचा तक्ता काय शिकवतो? एक्स फॉर झायलोफोन. बीडच्या मुलाने झायलोफोन पाहिलेला नाही, आणि गंमत म्हणजे त्यात एक्सचा नेहमीचा आवाजच नाही, तिथे तो 'झ' वाजतो. ज्याच्या दप्तरात कंपासबॉक्स आहे त्याला 'बॉक्स' सोडून झायलोफोन द्यायचा! वाय फॉर याक, क्यू फॉर क्वीन, व्ही फॉर व्हायोलिन. हा तक्ता दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून उचललेला आहे.

त्याऐवजी क्रिकेट घ्या. बॅट, रन, पॅड, स्पिन, स्टंप, विकेट, पिच, कॅच, मॅच, कोच. हे शब्द चौथीतल्या मुलाच्या तोंडात आहेत, अर्थ समजावावा लागत नाही. आणि यात अर्धं व्याकरण भरलंय. 'विकेट'मध्ये क साठी सी-के का? कारण आधी ऱ्हस्व स्वर आहे. बॅक, किक, लॉक, क्रिकेट तसेच. 'केक'मध्ये स्वर लांबला, तिथे नुसता के. पिच, कॅच, मॅच यांत टी-सी-एच, आणि 'कोच'मध्ये नुसतं सी-एच, पुन्हा तेच कारण. 'बॅटिंग' लिहिताना टी दोनदा, 'रनर' लिहिताना एन दोनदा, 'बोलिंग'मध्ये मात्र एल एकदाच. मुलं कारण स्वतः शोधतात, हे कुठल्याही वर्गात करून बघण्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ ही कल्पना त्यांना मराठीतून मिळालेलीच असते. तिचा इंग्रजीत एवढा उपयोग होतो हे त्यांना कुणी सांगत नाही.

देवनागरीचाही असाच उपयोग आहे. मूल इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलने उच्चार लिहून ठेवतं आणि बाई ते खोडायला लावतात, वाईट सवय म्हणून. मला ती सवय वाईट वाटत नाही. जगातल्या फार थोड्या मुलांच्या हाताशी उच्चार टिपून ठेवायची इतकी चोख लिपी असते. ॲ आणि ऑ आपण याचसाठी घेतले. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'तला फरक तिला टिपता येत नाही, आघात दाखवता येत नाही, मान्य. पण कान तयार होईपर्यंतची ती टेकू म्हणून पुरेशी आहे. मुलं स्वतःही असे टेकू शोधतात. बुधवारचं स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून 'वेड-नेस-डे' म्हणतात, 'टुगेदर'साठी 'टू-गेट-हर'. यातलं पहिलं तर नुसती युक्तीही नाही. बुधवार हा वोडन देवाचा वार, आणि जुन्या इंग्रजीत ते नाव मुलं म्हणतात त्याच्या बरंच जवळ होतं.

'आम्ही असंच घोकून शिकलो, काय बिघडलं?' हा आक्षेप नेहमी येतो. येतो तो शिकलेल्यांकडून. जे इंग्रजीत नापास होऊन दहावीला शाळेबाहेर पडले ते असे आक्षेप घ्यायला सभेत नसतात. शिवाय जे घोकून तरले त्यांच्यापैकी पुष्कळांना चाळिशीतही इंग्रजी अर्ज बिनचूक लिहिता येतो, पण समोरच्याशी दोन वाक्यं बोलायची म्हटलं की घाम फुटतो. कान न वापरता शिकल्याचा हा हिशेब आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शिक्षकानेच इंग्रजी फारसं ऐकलेलं नाही, तो मुलांना काय ऐकवणार? इथे लाजायचं कारण नाही. आपल्या उच्चारातलं इंग्रजी ऐकवलं तरी चालतं. उलट आपण 'डॉक्टर', 'ग्रामर' यांतले स्वर स्पेलिंगप्रमाणे जरा स्वच्छ म्हणतो, त्याचा लिहिताना फायदाच होतो. 'शुड हॅव'ऐवजी 'शुड ऑफ' लिहायची चूक इंग्रजी घरभाषा असणारे करतात, आपले विद्यार्थी सहसा करत नाहीत. आणि आता जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या खिशात फोन आहे. रोज दहा मिनिटं एक साधी गोष्ट, तीच ती, आठवडाभर ऐकवली, तर त्याला वेगळं अनुदान लागत नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत भारतीय वंशाची मुलं वर्षानुवर्षं चमकतात. २०१९ साली तर आठ जण संयुक्त विजेते ठरले, त्यातले बहुतेक भारतीय वंशाचे. आपल्याकडे याची बातमी पाठांतराचा विजय म्हणून वाचली जाते. स्पर्धा नीट बघितली तर वेगळं दिसतं. स्पर्धकाला शब्द दिला की तो लगेच अक्षरं म्हणायला लागत नाही. तो विचारतो: अर्थ काय? कुठल्या भाषेतून आला? वाक्यात वापरून दाखवाल? उच्चार पुन्हा सांगाल? शब्द ग्रीक असेल तर फ साठी पी-एच, फ्रेंच असेल तर श साठी सी-एच, असा तो वाट काढतो. त्या पातळीवरची पोरंसुद्धा इतकं विचारून मग लिहितात. आमच्या तिसरीच्या मुलाला शब्द एकदा ऐकवतात, शेजारच्याच्या वहीत डोकावू नको म्हणतात, आणि चुकला तर पाच पाच वेळा लिहून आणायला सांगतात. पाच वेळा लिहिताना पाचव्यांदा त्यातलं एखादं अक्षर गळलेलं असतं, तेही कुणी बघत नाही.

चुकीची लाज हा आणखी एक भाग, आणि तो शाळेबाहेर सुरू राहतो. हॉटेलच्या पाटीवरच्या इंग्रजी चुकीचा फोटो काढून दहा ग्रुपवर पाठवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या आज शिल्लक मानल्या जातात त्यांत त्याचं नाव एकसारखं लिहिलेलं नाही, आणि आजच्या प्रमाण स्पेलिंगप्रमाणे तर एकाही सहीत नाही. प्रमाण स्पेलिंग ही त्याच्यानंतर घट्ट झालेली गोष्ट. सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५चा. लेखनाची शिस्त हवी, अर्जात, छापील मजकुरात हवीच. पण तिच्यावरून माणसाची अक्कल मोजायची हा उद्योग फार जुना नाही आणि फारसा सुज्ञही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पहिली-दुसरीत इंग्रजीचं शब्दलेखन बंद ठेवावं. ऐकणं, म्हणणं, गोष्टी, खेळ एवढंच. तिसरीपासून लिहिणं सुरू करावं ते कानात असलेल्या शब्दांनी, बस, टेबल, बॅट, बॉक्स यांनी, आणि अक्षरांच्या नावांऐवजी त्यांच्या आवाजांनी. वन, टू, वॉज, सेड असे पन्नास-साठ हट्टी शब्द वेगळे काढून 'हे म्हातारे आहेत, यांना नियम लावू नका' असं मुलांना मोकळेपणाने सांगावं. पाचवीपर्यंत वाक्य समजलं असेल तर स्पेलिंगसाठी गुण कापू नयेत, आणि चूक झाली तर ती कुठल्या जातीची हे वहीत लिहावं. 'के-ए-टी' लिहिणाऱ्या मुलाचा कान बरोबर चाललाय, त्याला फक्त सी शिकवायचाय. 'सी-टी-ए' लिहिणारं मूल अजून शब्द ऐकतच नाहीये. आज दोघांच्याही वहीत तीच लाल फुली पडते.